डिकीची काच फुटली: काम दोन तासांचं, धंदा पहिल्या फोनचा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका कॉम्पॅक्ट एसयूव्हीची मागची काच बसवताना पाहिली. व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटेल, एवढंच तर आहे, गन घ्यायची, सीलंट मारायचं, काच ठेवायची. हात बसला की खरंच एवढंच आहे. पण दापोलीत बसून या कामात मी पैसे कुठे कमावले आणि कुठे घालवले, ते व्हिडिओत मावलं नाही. म्हणून हा लेख.

आमच्याकडे या कामाचा सीझन म्हणजे शनिवार-रविवार. मुरूड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, सगळीकडे नारळाच्या वाड्या. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि सावली बघून गाडी नेमकी माडाखाली लावतात. रात्री नारळ पडतो, नाहीतर झावळी पडते. सकाळी फोन येतो, "दादा, डिकीची काच पूर्ण फुटलीये. आज होईल का? उद्या ऑफिस आहे."

या फोनला तुम्ही काय उत्तर देता, त्यावर पुढचा सगळा हिशोब ठरतो. आणि "होईल की, या घेऊन" हे सर्वात महागडं उत्तर आहे. कसं ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. पुण्याचं एक कुटुंब, लहान मुलं सोबत. मी मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं, पेट्रोल की डिझेल तेही विचारलं (त्याचा काचेशी काही संबंध नाही, पण तेव्हा फार हुशार वाटायचं). मुंबईच्या सप्लायरला ऑर्डर दिली. त्यांनी एक दिवस मुक्काम वाढवला, हॉटेलचं भाडं भरलं. काच आली, खोलली, आणि बघतो तर वायपरसाठी भोकच नाही. मी बेस व्हेरियंटची काच मागवली होती, गाडी टॉप व्हेरियंटची. काकांनी शांतपणे विचारलं, "भोक पाडता नाही का येणार?" मी काही बोललो नाही. ते प्लास्टिक चिकटवून पुण्याला गेले. सप्लायर म्हणाला, पाठवलेली काच परत घेत नाही. साडेचार हजारांची ती काच आठ महिने माझ्या काउंटरमागे उभी होती.

भोक का पाडता येत नाही, हे समजून घ्या, कारण ग्राहक दर वेळी विचारतो. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. दगड लागला तर तडा जातो, पण काच जागेवर राहते. मागची काच बहुतेक गाड्यांत टफन असते. ही काच कारखान्यात सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे बाहेरचा थर दाबाखाली राहतो आणि आतला ताणाखाली. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत. पण एकदा का तो समतोल मोडला, की सगळी काच एका क्षणात बारीक खड्यांत फुटते. ड्रिल लावलं तरी तेच होतं. भोक, आकार, डिफॉगरच्या रेषा, जे काही हवं ते तापवण्याआधी झालेलं असतं. म्हणजे टफन काचेत नंतर काहीही दुरुस्त होत नाही. काच बरोबर मागवायची, दुसरा इलाज नाही.

तर त्या फोनवर मी आता काय करतो? आधी चेसिस नंबर. सतरा अक्षरांचा असतो, आरसी बुकावर मिळतो. व्हेरियंट आणि बनण्याचा महिना यातली गडबड त्याने बरीच कमी होते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो मागतो: मागून पूर्ण गाडी, वायपरची जागा, डिकीच्या आतल्या दोन्ही बाजूंच्या वायरी, आणि डॅशबोर्डवरची बटणं. काच तर गेलेली असते, मग हे फोटो कशाला? कारण गाडीच काच कशी होती ते सांगते. वायपरची दांडी काही गाड्यांत काचेतून येते, काहींत खालच्या पत्र्यातून. दांडी हवेत लोंबकळत असेल तर भोकाची काच हवी. दोन्ही बाजूंना चपट्या क्लिपच्या वायरी लटकत असतील तर डिफॉगर आहे. बटणात रेषांवर वाफेची खूण असेल तर खात्री. काही गाड्यांत रेडिओची अँटेना पण काचेवरच छापलेली असते, तिची तिसरी वायर दिसते. वरचा ब्रेक लाइट काचेच्या आत आहे की बाहेर स्पॉयलरवर, हे पण बघा.

ग्राहकाला आणखी एक सांगतो: खडे झाडून टाकण्याआधी कोपऱ्यातला छाप असलेला तुकडा सापडतो का बघा. त्यावर कंपनीचं नाव आणि आयएसआय खूण असते. आपल्याकडे एआयएस आणि सेंट-गोबेन सेक्युरिट ही नावं जास्त दिसतात. तोच मेक मिळाला तर फिटिंगला त्रास कमी.

हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात. मग मी सांगतो, "साहेब, आज होणार नाही. काच मुंबईहून किंवा पुण्याहून येईल, घाट उतरून. मी आत्ता तात्पुरतं झाकून देतो. पुण्यात बसवायची असेल तर तिथे बसवा, इथेच बसवायची असेल तर निम्मा अ‍ॅडव्हान्स लागेल." अर्धे लोक पुण्यात बसवतात. जाऊ दे. ते काम माझं नव्हतंच. पण झाकायचं काम मी पैसे न घेता नीट करतो: आधी पेंटवर मास्किंग टेप, त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक, त्यावर मजबूत टेप. पॅकिंगची टेप थेट पेंटवर मारली तर उन्हात तिचा गोंद पेंटवर बसतो. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो, मागे उघडं ठेवून लांब चालवू नका. गाडी धावताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतात. हे ऐकल्यावर लोक प्लास्टिककडे वेगळ्या नजरेने बघतात. त्यातले काही पुढच्या ट्रिपला सीट कव्हर घ्यायला माझ्याकडेच आले आहेत.

आता कामाचं. व्हिडिओत आहेच, पण तीन जागी थांबतो.

पहिली जागा, सफाई. नवीन पोरं इथेच घाई करतात. खडे डिकीच्या पोटात जातात, स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात, सीटच्या फटीत, बेल्टच्या यंत्रात. हातमोजे आणि गॉगल घाला, आतलं पॅनेल खोला, व्हॅक्यूम मारा, डिकी चार वेळा वर-खाली करून ऐका. खळखळ आली की परत खोला. ग्राहक काचेचं फिटिंग तपासत नाही, त्याला कळतही नाही. पण आठवड्याने मुलाच्या पायाला खडा लागला तर तो तुमचं नाव विसरत नाही.

दुसरी जागा, पत्र्याची कड. जुनं पीयू सीलंट पूर्ण खरवडायचं नाही. एक-दोन मिलीमीटरचा थर ठेवा, नवीन पीयू त्याला छान धरतं. पण कापताना पत्र्यावर ओरखडा आला तर प्रायमर लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथे खारी हवा आहे. आज झाकलेला ओरखडा पुढच्या पावसाळ्यात गंज होतो, आणि गंजावर पीयू धरत नाही. मग गळती, आणि गळती म्हणजे फुकटचं दुसरं काम.

तिसरी जागा, पाऊस. गंमत अशी की पीयू हवेतल्या ओलाव्यानेच वाळतं, त्यामुळे आमची दमट हवा त्याला चालते. पण कडेवर पाण्याचा एक थेंब असला तरी तिथे ते चिकटत नाही. जूनमध्ये उघड्यावर हे काम घेऊ नका. डोक्यावर पक्कं छप्पर हवं, ताडपत्री नाही. ट्यूबवरची मुदत बघा, संपलेली ट्यूब स्वस्तात मिळाली तरी नको. काच आधी कोरडी लावून बघा, टेपने खुणा करा, मग त्रिकोणी धार मारून एकदाच ठेवा. गाडी कधी सोडायची तो वेळ ट्यूबवर लिहिलेला असतो, ग्राहकाच्या घाईवर ठरत नाही. पहिला दिवस टेप राहू द्या, एक खिडकी जराशी उघडी ठेवा. सगळ्या काचा बंद करून दार आपटलं तर आतली हवा ओली काच बाहेर ढकलते. पैसे घेण्याआधी डिफॉगर, वायपर, ब्रेक लाइट ग्राहकासमोर लावून दाखवा.

काळ्या फिल्मचं पण येईलच. "बसवतोच आहात तर फिल्म पण मारा." मी मारत नाही. नियमाप्रमाणे मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश जायला हवा, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने फिल्मबद्दल कडक आदेश दिलेला आहे. शिवाय ती फिल्म काढताना डिफॉगरच्या रेषा सोबत निघतात.

आता पैसे. आकडे उदाहरणासाठी घेतोय, तुमच्या गावचे वेगळे असतील. काच ४,५००. गाडीभाडं आणि पॅकिंग ५००. पीयू, प्रायमर, टेप, ब्लेड मिळून ६००. हेल्परचा अर्धा दिवस ३००. झाले ५,९००. ग्राहकाकडून घेतले ७,०००. हातात ११०० दिसतात. पण दहात एक काच वाटेत फुटणार किंवा चुकीची येणार असं धरा. काच आणि भाडं मिळून ५,००० गेले, म्हणजे प्रत्येक कामामागे ५००. उरले ६००. महिन्याला अशी तीन कामं आली तर १,८००. यात गाळ्याचं भाडं निघत नाही. म्हणजे दापोलीसारख्या गावात नुसत्या काचेवर दुकान चालत नाही. काच हे ग्राहकाला दारात आणणारं काम, आणि दुकान चालतं अ‍ॅक्सेसरीज, वायपर ब्लेड, मॅट, बॅटरीवर.

कोणी म्हणेल, निसर्ग वादळात तर काचवाल्यांना फुरसत नव्हती. खरंय. ३ जून २०२० ला वादळ आलं, दापोली-मंडणगडात झाडं आणि पत्रे गाड्यांवर पडले, आणि काचेची मागणी एकदम वाढली. ते बघून या धंद्यात उतरायचा विचार करणारे मला आजही भेटतात. वादळाच्या महिन्यावर बारा महिन्यांचं भाडं बेतू नका.

विम्याचा हिशोब मी ग्राहकाला कागदावर करून देतो. यात माझा फायदा नाही, पण विश्वास यातूनच येतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काच मिळत नाही. फुल विमा असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. म्हणजे ७,००० च्या बिलात साधारण ६,००० मिळतील. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. समजा आत्ता ३५ टक्के आहे आणि गाडीच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम ८,०००. क्लेम नाही घेतला तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ३,६०० सूट. घेतला तर शून्य. त्याच्या पुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २०, म्हणजे २,४०० चा फरक. दोन वर्षांत ६,००० गेले, जेवढे मिळाले तेवढेच, आणि तिसऱ्या वर्षीही फरक उरतोच. बोनस वाचवणारं अ‍ॅड-ऑन असेल किंवा बोनस मुळातच शून्य असेल तर क्लेम जरूर घ्या. फक्त कंपनीला कळवून, त्यांचे फोटो किंवा सर्व्हे झाल्यावरच काच काढायची. आधी बसवून मग बिल पाठवलं तर क्लेम अडकतो.

पुढच्या भागाआधी एक काम करा. तुमच्या भागात जास्त दिसणारी एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही निवडा. तिच्या टॉप व्हेरियंटच्या मागच्या काचेसाठी तीन सप्लायरना फोन लावा आणि प्रत्येकाला चार गोष्टी विचारा: भाव किती, तुमच्या गावापर्यंत भाडं किती, वाटेत फुटली तर कोणाची, आणि चुकीची आली तर परत घेणार का. शेवटच्या दोन प्रश्नांवर जो गप्प बसेल त्याचा भाव कितीही कमी असला तरी तो आकडा वेगळ्या पेनाने लिहा. तो कागद जवळ ठेवा, पुढच्या वेळी पुढच्या काचेकडे वळू तेव्हा लागेल. तिथे आरशामागचा कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर आला, की चार फोटोही पुरत नाहीत.