साधे तेच कठीण

फ्रेंच स्वयंपाक म्हटला की मोठमोठ्या उपाहारगृहांतील महागडी पक्वान्नेच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु फ्रान्समधील सामान्य घरांत शिजणारे अन्न आपल्या आमटी-भाताइतकेच साधे असते. ते नीट करावयास शिकणे ही मात्र सोपी गोष्ट नव्हे. ज्यूलिया चाइल्ड या अमेरिकन बाईंना याचा चांगलाच अनुभव आला.

पतीच्या नोकरीनिमित्त १९४८ साली ज्यूलियाबाई फ्रान्समध्ये गेल्या, तेव्हा त्यांचे वय छत्तीस वर्षांचे होते. स्वयंपाकात त्यांना फारशी गती नव्हती; फ्रेंच भाषाही धड बोलता येत नव्हती. रूआँ या गावी त्यांनी लोण्यात परतलेला ताजा मासा खाल्ला. त्या साध्या जेवणाची गोडी त्या जन्मभर विसरल्या नाहीत. पुढच्याच वर्षी पॅरिसमधील ‘कॉर्दों ब्ल्यू’ या पाकशाळेत त्यांनी नाव घातले. शाळेत शिकलेला पदार्थ त्या घरी पुन्हा करून पाहत.

१९५१ साली परीक्षा आली. ज्यूलियाबाईंनी अवघड पदार्थांची कसून तयारी केली होती. विचारले गेले ते मात्र मऊ उकडलेली अंडी, दूध-अंड्यांचे कस्टर्ड असे प्रारंभीचे पदार्थ! कस्टर्डाचे प्रमाणच त्यांना आठवेना. त्या नापास झाल्या. त्यांना संताप आला. पण त्या खचल्या नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तेच पदार्थ स्वतःच्या हाताने रांधले. पुढे त्या पुन्हा परीक्षेस बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या.

दोन फ्रेंच मैत्रिणींसह त्यांनी लिहिलेला पाकग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. घरी नोकरचाकर नसलेल्या गृहिणीलाही फ्रेंच पदार्थ करता यावेत, हा त्याचा हेतू होता. त्यात पहिली कृती कोणती असावी? बटाट्याच्या सुपाची!

हे सूप करावयाचे झाल्यास अर्धा किलो बटाटे आणि तितकीच लीक नावाची कांद्याच्या जातीची भाजी घ्यावी. ती न मिळाल्यास कांदेही चालतात. सारख्या फोडी करून त्या दोन लिटर पाण्यात मीठ घालून मंद आचेवर पाऊण तास शिजवाव्यात. मग त्या घोटून, भांडे आचेवरून उतरवून, वर थोडे लोणी किंवा साय घालावी. झाले सूप! परंतु फोडी लहानमोठ्या झाल्या, तर काही विरघळतात व काही कच्च्या राहतात. आच प्रखर ठेवली, तर सूप तळाशी लागते. जिन्नस थोडे असले की चूक झाकावयास जागा उरत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, गणितात पाढे, भाषेत शुद्धलेखन, तसेच स्वयंपाकात हे साधे पदार्थ होत. पाया सोडून कळसाकडे धावणाऱ्यास केव्हातरी मागे परतावेच लागते. चूक झाल्यावर परत फिरण्याची ज्याला लाज वाटत नाही, तोच पुढे जातो.

स्वाध्याय
१. ज्यूलियाबाई परीक्षेत अनुत्तीर्ण का झाल्या?
२. ‘चूक झाकावयास जागा उरत नाही’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. तुमच्या घरी होणाऱ्या एका साध्या पदार्थाची कृती प्रमाणासह लिहा.