रात्रीची वाट

घर तेच असते. उंबरठा तोच, मोरी तीच. माणूस त्या घरात चाळीस वर्षे डोळे मिटून चालला. पण वय झाले की नजर मंद होते, गुडघे दुखतात, तोल जातो. मग ओळखीच्या घरातच माणूस पडतो.

म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. तरण्या माणसाला जिथे नुसता मुका मार लागतो, तिथे म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडतो. खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून घर आधीच नीट करावे. त्याला फार पैसा लागत नाही.

सुरुवात कुठून करायची? आम्ही म्हणतो, अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेपासून करा. आज रात्री दिवे मालवा आणि त्या वाटेने स्वतः हळूहळू चालून बघा. पायांत काय काय येते? दाराशी काढलेल्या चपला, दळणाचा डबा, पंख्याची वायर. अंगणात गुराचे दावे. जे उचलता येते ते उचला. उंबरठा काही उचलता येत नाही. त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढा. अंधुक नजरेलाही तो दिसतो.

त्या वाटेवर रात्रभर एक लहान दिवा जळू द्या. बिल वाढेल म्हणता? हिशेब करा. ५ वॅटचा दिवा रोज १० तास जळला, तर ३० दिवसांत दीड युनिट वीज लागते. दीडच! वीज जाते त्या रात्रीसाठी उशाशी बॅटरी असू द्या.

बाज गुडघ्याइतकी उंच हवी. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. बाज मधे खोल गेली असेल, तर दोर ओढून घ्या. झोपेतून एकदम उठून चालू नये, चक्कर येते. आधी काठावर थोडे बसावे, मग उभे राहावे.

मोरी सगळ्यांत वाईट. साबणाचे पाणी आणि शेवाळ, दोन्ही तिथेच. दर आठवड्याला खराट्याने घासा. गुळगुळीत फरशी दिसायला छान, पण ओली झाली की पाय ठरत नाही. त्यापेक्षा खडबडीत दगड बरा. धरायला भिंतीत लोखंडी नळी सिमेंटने पक्की बसवा. ज्याला धरायची आहे त्यालाच उभे करून उंची ठरवा. कपडे वाळत घालायची दांडी धरू नये, अंगाचा भार पडला की ती उपटून येते. उकिडवे बसवत नसेल, तर संडासासाठी मधे भोक असलेली खुर्ची मिळते. तिच्या पायांना रबर हवे.

एक आजी आम्हांला म्हणाल्या, "रात्री उठायला नको, म्हणून दिवस मावळला की मी पाणीच पीत नाही." घरात कुणालाच हे ठाऊक नव्हते. पाणी कमी प्यायले की लघवीला जळजळते, चक्कर येते, आणि पडायची भीती आणखी वाढते. म्हातारी माणसे अशा गोष्टी आपण होऊन सांगत नाहीत. विचाराव्या लागतात.

मुले मायेने म्हणतात, "आई, तू आपली एका जागी बस." हेही बरे नव्हे. बसून बसून पायांतले बळ जाते. तिला चालू द्या, वाट नीट करा. आणि तिच्या वस्तू तिला विचारल्याशिवाय हलवू नका. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली, तर ती स्टुलावर चढणारच!

एवढे करूनही कुणी पडले तर? ओढून उभे करू नका. खुबा फार दुखतो, पाय आखूड दिसतो किंवा बाहेरच्या बाजूला वळतो, तर हाड मोडले असे समजा. तेल लावून चोळू नका, पाय ओढू नका. आहे तसे निजू द्या आणि १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ पासून आहे. तिला पैसे पडत नाहीत. फोनवर गाव, तालुका आणि जवळची खूण सांगा.

आता आपल्याला लिहिता येते. हा आकडा भिंतीवर कोळशाने मोठा लिहा. आजीला निजूनही दिसेल अशा जागी लिहा.