प्रवासवर्णनातील निवेदकाचे स्थान : घारापुरीची पायी फेरी

स्थळवर्णन आणि प्रवासवर्णन यांतील भेद घारापुरी बेटाच्या आधारे पाहू.

'घारापुरी हे मुंबईजवळील बेट असून तेथे प्राचीन लेणी आहेत.' विधान निर्दोष आहे. परंतु लिहिणाऱ्याने बेटावर पाऊल ठेवले होते काय, हे त्यावरून कळत नाही. आता निवेदकाला चालू द्या. गेटवेहून निघालेली लाँच तासाभराने धक्क्याला लागते. पुढे सुमारे १२० पायऱ्या. दुतर्फा दुकाने, वर ताडपत्र्या, हातातल्या पिशवीवर टपलेली माकडे. उन्हातून मुख्य लेण्यात शिरताच क्षणभर काहीच दिसत नाही. मग अंधारातून सुमारे २० फूट उंचीचा त्रिमुख सदाशिव हळूहळू आकार घेतो. शिल्पाची उंची दोन्ही लेखनांत तीच राहील. ते दिसण्याचा क्रम मात्र चालणाऱ्यालाच सापडतो. ('लेणे' हा शब्द संस्कृत 'लयन', प्राकृत 'लेण' यांवरून आला आहे.)

नावांकडेही लक्ष द्यावे. पोर्तुगिजांनी येथील दगडी हत्तीवरून बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात भंगला. पुढे जोडलेला हा हत्ती आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. नाव बेटावर राहिले, हत्ती गेला!

माझ्या तरुणपणी मी या बेटावर एक लेख लिहिला होता. त्यात शिल्पे होती, समुद्र होता, तोफांची टेकडीही होती. माणूस एकही नव्हता. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन गावांचा त्यात उल्लेखच नव्हता. पायऱ्यांवर मला ताक देणाऱ्या मावशी त्यांपैकीच एका गावच्या असणार. मी विचारलेही नाही. रात्री पलीकडे मुंबई उजळलेली असे आणि ही गावे जनरेटरच्या काही तासांच्या उजेडावर भागवीत. समुद्राखालील केबलमधून येथे वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. संध्याकाळच्या लाँचने परतणाऱ्या निवेदकाला तो अंधार दिसणे शक्यच नव्हते. निवेदकाचे स्थान म्हणजे तो कोठे उभा आहे एवढेच नव्हे. तो केव्हा निघून जातो, हेही त्यात येते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या प्रेक्षणीय स्थळी पायी जा. तेथील शेवटचा पर्यटक परतल्यानंतरच्या एका तासाचे वर्णन सुमारे १५० शब्दांत लिहा. 'निसर्गरम्य' हे विशेषण वापरू नये.