खिशातला संगणक कोणाचा?

आजचे युग हे खिशातल्या यंत्रांचे युग आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही. हॉस्टेलच्या एका एक्स्टेंशन बोर्डावर रात्री काय काय चार्जिंगला लटकलेलं असतं ते सगळ्यांना माहीतच आहे. पण पैसे आपण दिले म्हणून ते यंत्र आपलं झालं का? माझ्या मते अर्धंच झालं.

ओपन सोर्स म्हणजे नक्की काय? प्रोग्रामर जो मूळ मजकूर लिहितो तो सोर्स कोड. तो बघायचा, बदलायचा आणि दुसऱ्याला द्यायचा हक्क जिथे लायसन्समध्येच दिलेला असतो, ते ओपन सोर्स. इंग्रजीत याला ‘फ्री सॉफ्टवेअर’ही म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठीत मार्क बेताचेच. पण इथे मराठी सरस आहे. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं.

माझं गाव राजूर. आमच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथली पद्धत अशी, की बियाणं न्यायचं, पेरायचं आणि पीक आलं की दुप्पट परत आणून द्यायचं. संकरित बियाणं दरवर्षी दुकानातून नवं आणावं लागतं. देशी वाणाचं घरी राखता येतं, शेजाऱ्याला देता येतं. रिचर्ड स्टॉलमन यांचं १९८९ सालचं जीपीएल लायसन्स वाचताना मला हीच बँक आठवली. कोड घ्या, बदला. पण बदललेला प्रोग्राम पुढे दिलात तर त्याचा सोर्सही त्याच अटीवर द्या. फरक एवढाच, की बियाणं दिलं की कणगीतलं कमी होतं, कोडची कॉपी दिल्याने काहीच कमी होत नाही. म्हणून जीपीएलमध्ये परत करायची सक्ती नाही. पुढे देताना झाकून ठेवायला मनाई आहे.

आता मोबाईल बघू. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९९२ पासून तो जीपीएलखाली आहे. म्हणजे गाभा खुला. पण हार्डवेअरचे बरेच ड्रायव्हर बंद, वरची कित्येक अ‍ॅप्स बंद आणि बूटलोडरला बहुतेक वेळा कुलूप. काही वर्षांनी कंपनी अपडेट थांबवते. फोन धडधाकट असतो, तरी नवी अ‍ॅप्स त्याला ओळख देईनाशी होतात. शहरात लोक नवा घेतात. आमच्याकडे तोच फोन दादाकडून धाकट्या बहिणीकडे आणि तिच्याकडून आजीकडे जातो. अपडेट थांबल्याचा फटका या शेवटच्या हाताला बसतो. बूटलोडर उघडत असेल आणि आपलं मॉडेल यादीत असेल, तर लिनिएजओएस टाकून अशा फोनला आणखी काही वर्षं मिळतात. (काही बँकांची अ‍ॅप्स मात्र अशा फोनवर अडून बसतात, हेही सांगितलं पाहिजे.)

याच्या अगदी उलट विचाराचं एक यंत्र आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलंय. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. आत लिनक्स, स्क्रीन उन्हातही वाचता येईल असा. त्याच्या कीबोर्डवर सोर्स कोड दाखवणारं एक वेगळं बटण होतं! चौथीतल्या पोराने ते दाबून किती कोड वाचला असेल हा प्रश्न वेगळा. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून गाजलेलं हे यंत्र प्रत्यक्षात शंभर डॉलरला कधी मिळालं नाही आणि केंद्र सरकारने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. तरी ते बटण मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या कुठल्या गॅजेटवर तसं बटण आहे?

हॉस्टेलपुरतं बोलायचं तर आपल्याकडे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून खोलीखोलीत फिरतं. ते फुकट असतं, मुक्त नसतं, सोबत व्हायरसही येतो. सायलॅब, पायथन, कायकॅड यांवर आपली बरीच प्रॅक्टिकल्स होऊ शकतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये यातले काही विषय चक्क मराठीत समजावलेत. सरांनी जर्नलमध्ये सायलॅबचा ग्राफ चालेल असं एकदा सांगितलं, तर निम्मे पेन ड्राइव्ह रिकामे होतील.

आणि पावसाळ्यात कळसूबाईला जाणार असाल तर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ओएसएमअँड आधीच टाकून ठेवा. नकाशा वायफायवर उतरवून घ्यायचा, मग डोंगरात नेटवर्क गेलं तरी चालतो. एखादी वाडी किंवा पायवाट त्यात सापडली नाही, तर परत आल्यावर ती आपल्यालाच काढता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.