अकालजात शिशू आणि कोष्णजलस्नान : एक चिकित्सकीय विचार

बालोपचारात अभ्यंग व स्नान यांचे स्थान वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, नवजातास बलातैलाचा अभ्यंग करून क्षीरीवृक्षांचा कषाय, सर्वगंधोदक, तप्त रौप्य-सुवर्णाने उष्ण केलेले जल किंवा कपित्थपत्रांचा कोष्ण कषाय यांनी स्नान घालण्याचे विधान आहे. त्याच विधानास यथाकाल, यथादोष व यथाविभव या अटीही जोडलेल्या आहेत. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या शिशूच्या बाबतीत यांतील पहिली अट निर्णायक ठरते, असे आमचे मत आहे.

उष्णतेचा ऱ्हास

अंग गार लागते म्हणून कढत पाण्याने न्हाऊ घालावे, असा घरोघरी समज आढळतो. परंतु पाण्याने दिलेली ऊब क्षणिक असते. ओले अंग वाळताना जाणारी उष्णता अधिक असते. अकालजात शिशूची त्वचा पातळ, त्वचेखालील मेद अल्प आणि वजनाच्या मानाने शरीराचे पृष्ठफळ मोठे असते. एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. १५०० ग्रॅम वजनाच्या शिशूचे तापमान एक अंश सेल्सियसने उतरण्यास सुमारे सव्वा किलोकॅलरी उष्णता जाणे पुरेसे आहे. म्हणजे अंगावर केवळ दोन ग्रॅम पाणी वाळले व ती सर्व उष्णता शरीरातूनच गेली, तर ३६.८ अंश तापमान ३५.९ च्या आसपास येईल. प्राकृत तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असून ३६ अंशांखालील अवस्था मध्यम शीताघाताची मानली जाते.

जीवनलक्षणांवरील परिणाम

नवजात शिशू कुडकुडून उष्णता निर्माण करू शकत नाही. तो तपकिरी मेद जाळतो, आणि अकालजातात तोही अपुरा असतो. या ज्वलनात प्राणवायू व रक्तशर्करा खर्च होतात. आरंभी श्वास जलद होतो. पुढे हातपाय गार पडणे, स्तनपान मंदावणे, नाडी मंद होणे व श्वास खंडित होणे, असा क्रम दिसू शकतो. उलटपक्षी पाणी अतिउष्ण असल्यास नाडी व श्वास वाढतात आणि नाजूक त्वचा भाजण्याचे भय असते. म्हणून केवळ स्पर्शाने अनुमान न करता काखेत तापमापी लावावी.

स्नानाची रीत

पायांवर घेऊन तांब्या-तांब्याने पाणी ओतण्याच्या रूढ पद्धतीत ओले अंग सतत हवेस उघडे राहते. रुग्णालयांतील अभ्यासांत, स्थिर प्रकृतीच्या अकालजात शिशूंना मऊ कापडात गुंडाळून खांद्यापर्यंत कोमट पाण्यात ठेवले असता तापमान कमी उतरले व रडणेही कमी झाले, असे आढळले आहे. या पद्धतीत पाणी ३८ अंशांच्या आसपास ठेवतात, एकेक अवयव उघडून स्वच्छ करतात व शिशूस लगेच कोरडे करतात. हे प्रयोग प्रशिक्षित परिचारिकांच्या देखरेखीखाली झाले आहेत. ते घरी अनुकरणासाठी नाहीत.

व्यवहारातील निर्णय

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार कोणत्याही नवजाताचे पहिले स्नान निदान २४ तास लांबवावे. अकालजातास याहून अधिक थांबणे इष्ट. वजन दोन किलोंच्या वर जाईपर्यंत व बालरोगतज्ज्ञांची अनुमती मिळेपर्यंत कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने आवश्यक तेवढेच अंग पुसावे. येथे दिवस मोजण्याची रीतही बदलावी लागते. ३२ आठवडे पूर्ण होऊन जन्मलेल्या शिशूचे बाराव्या दिवशी बारसे होते, तेव्हा त्याचे गर्भमानाने ३४ आठवडेही भरलेले नसतात.

ऊब देण्याचे खरे साधन मातेची त्वचा होय. २०२२ च्या शिफारशींत दिवसातून ८ ते २४ तास त्वचास्पर्शी संगोपनाचा निर्देश आहे. ओवा-वावडिंगाची धुरी अपक्व फुफ्फुसांस बाधक असल्याने वर्ज्य करावी.

औषधालयचालकांनीही बाळासाठी तेल वा काढा मागणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : बाळ किती आठवड्यांचे जन्मले आणि आज वजन किती? उत्तर अपुरे वाटल्यास विक्रीपूर्वी वैद्यांकडे पाठवावे. ज्या शिशूचे अंग गार आहे, जो दूध ओढत नाही किंवा ज्याचा श्वास मिनिटाला साठ वा अधिक आहे, त्यास स्नान न घालता, आईच्या छातीशी धरून, तत्काळ रुग्णालयात पाठवावे. काल ओळखून उपचार थांबवणे हाही शास्त्रोक्त उपचारच होय.