घरातील नवा दूरचित्रवाणी संच : प्रेक्षक, जाहिरात आणि संमती

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या उपग्रह प्रयोगात आंध्र प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संचांवर कार्यक्रम दाखविण्यात आले. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. १९७७ मध्ये हैदराबाद केंद्र सुरू झाले. त्या काळी प्रक्षेपण एकाच दिशेने होत असे. एक जाहिरात सर्वांना दिसे आणि ती कोणत्या घरात पाहिली गेली, हे संचाकडून कोणालाही कळत नसे.

इंटरनेटला जोडलेल्या संचाने ही स्थिती पालटली आहे. अफझलगंजमधील मराठी कुटुंबाला आज मायबोलीतील कार्यक्रम हव्या त्या वेळी पाहता येतात. प्रसार भारतीचा ‘वेव्हज्’ हा मंचही नोव्हेंबर २०२४ पासून मराठीसह अनेक भाषांतील कार्यक्रम देत आहे. मात्र इंटरनेटवरून येणाऱ्या एकाच कार्यक्रमात अफझलगंजच्या घरी एक आणि लातूरच्या घरी दुसरी जाहिरात दाखविता येते. ही निवड ठिकाण, पाहण्याच्या सवयी आदी माहितीवरून केली जाते.

ही माहिती मिळते कशी? अनेक संच पडद्यावरील दृश्याचे वा ध्वनीचे सूक्ष्म नमुने घेऊन ते साठविलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात आणि कार्यक्रम ओळखतात. केबलवरून आलेला कार्यक्रमही त्यातून सुटत नाही.

अफझलगंज येथे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ग्रंथालयातून पुस्तक घरी नेणाऱ्या वाचकाला आपल्या नावाची नोंद झाल्याचे ठाऊक असते. संचाची नोंदवही मात्र प्रेक्षकाला दिसत नाही. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख संचांतून प्रेक्षकांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केल्याचा आरोप झाला. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तिने ते प्रकरण मिटविले.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असावी, तसेच ती मागे घेता यावी, असे तत्त्व घालून दिले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे.

तोवर प्रेक्षकाने स्वतः दक्ष राहावे. नवा संच सुरू करताना प्रत्येक अटीला घाईने होकार देऊ नये. ‘सेटिंग्ज’मधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन पाहण्याची नोंद व वैयक्तिक जाहिराती यांचे पर्याय बंद करावेत. त्यामुळे जाहिराती थांबणार नाहीत. कार्यक्रमही पूर्ववत दिसतील. घरात काय पाहिले जाते, याची वार्ता बाहेर जाऊ द्यावी की नाही, हा निर्णय मात्र कुटुंबाच्या हाती राहील.