नाकात काडी किती आत जायला हवी?

सर्दी-तापाच्या रुग्णाला स्वॅब द्यायला सांगितलं की प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, नाकाच्या पुढूनच घेतला तर नाही का चालणार?" पुष्कळदा चालतो. नेहमी नाही.

खोल स्वॅबची काडी बारीक आणि लवचिक असते. ती टाळूला समांतर, सरळ मागे नेतात, वर नव्हे. साधारण नाकपुडी ते कान या अंतराएवढी आत गेली की ती नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागाला टेकते. तिथे काही सेकंद ठेवून, हलकेच फिरवून काढतात. डोळ्यांत पाणी येतं, शिंक येते, बस्स. काडी मेंदूला लागते ही निव्वळ अफवा! फ्लूसारख्या आजारात हाच नमुना अधिक भरवशाचा, म्हणून रुग्णाला दाखल करायची वेळ आली की मी खोल स्वॅबचाच आग्रह धरतो. मात्र नाकाचं हाड वाकडं असेल, नुकतंच नाकाचं ऑपरेशन झालं असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर स्वॅब घेणाऱ्याला आधीच सांगा.

पुढचा स्वॅब आपला आपल्याला घेता येतो. मे 2021 मध्ये आयसीएमआरने मान्यता दिलेल्या पुण्याच्या मायलॅबच्या 'कोव्हिसेल्फ' या घरच्या कोविड अँटिजेन चाचणीच्या किटमध्ये काडी दोन ते चार सेंटीमीटर आत घालून दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवायची असते. खरी गोम इथेच आहे. बरेच जण नाकपुडीच्या तोंडाशी काडी टेकवतात न टेकवतात तोच बाहेर काढतात आणि 'निगेटिव्ह' म्हणून निर्धास्त होतात. काडी आतल्या भिंतीला घासून फिरायला हवी. कान कोरायची कापसाची काडी तर मुळीच वापरू नका. किटमधली कृत्रिम धाग्याचीच हवी.

पीसीआर चाचणीत विषाणूचा अंश कितीतरी पटींनी वाढवून पाहतात, त्यामुळे नीट घेतलेला पुढचा स्वॅबही तिला बहुतेकदा पुरतो. घरच्या अँटिजेन चाचणीत तशी सोय नाही. लक्षणं असून ती निगेटिव्ह आली, तर 48 तासांनी पुन्हा करा किंवा सरळ पीसीआर करून घ्या.

घरात गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा दम्याचा रुग्ण तापाने फणफणला असेल, तर मात्र रिपोर्टसाठी थांबू नका. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.